‘देयक प्रलंबित’ गेलं, ‘चुकारा’ आला: आमच्या शेतकरी कंपनीच्या कापूस ॲपचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. मागच्या सिझनला याच ॲपला मी एक दिला होता. एका वर्षात एकाचे चार कसे झाले तेच सांगायसाठी एवढं लांब लिहून राहिलो, कारण नवीन सोय म्हणाल तर ॲपमध्ये एकही आली नाही. बटनं तिथंच आहेत, रंग तोच हिरवा, उघडायला तेवढाच वेळ लागते. बदलले ते फक्त शब्द.

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, वीज बिल, झेरॉक्स, जे येईल ते. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे, ती कापूस गोळा करते, काटा करते, जिनिंगला, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याला देते आणि पैसे खात्यात टाकते, त्या कंपनीचं हे ॲप. कामं तीनच, नंबर लावणे, काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती पाहणे आणि पैसे आले का ते पाहणे. कंपनीचं आणि ॲप बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण खाली मागच्या वर्षीच्या चुका येणार आहेत आणि त्यांनी त्या मनापासून दुरुस्त केल्या. आमच्या इकडच्यांना नाव न घेता समजेलच.

आधी मागच्या वर्षीचं सांगतो, नाही तर फरक लक्षात येणार नाही.

दिवाळीनंतर पहिला वेचा घरात आला होता तेव्हाची गोष्ट. एक काकाजी सकाळी सात वाजता दुकानासमोर उभे, मी शटर वर करायच्या आधीच. फोन माझ्यापुढे धरला, स्क्रीनवर लाल अक्षरात ‘अवैध खाते क्रमांक’. आता आमचा जिल्हा दारूबंदीचा, इथं अवैध हा शब्द माणूस कुठं वाचते? पेपरात. अवैध दारू पकडली, अवैध रेतीचा ट्रॅक्टर पकडला. काकाजीला वाटलं आपल्या खात्यावर केस झाली. रात्रभर झोपले नव्हते, म्हणे, "मी त कोनाचा रुपया खाल्ला नाही बाप्पा, मायं खातं अवैध काहून झालं?" झालं होतं एवढंच की पासबुकावरून नंबर टाकताना एक शून्य सुटला होता.

दुसरी एक मावशी, घरी साडेतीन एकर पराटी म्हणजे कपाशी, मुलगा पुण्याला कंपनीत, सगळं त्या एकट्या पाहतात. नंबर लागलेला होता, कुठं तरी चुकून बोट लागलं आणि समोर आलं, ‘आपली नोंदणी रद्द करण्यात येईल’, खाली दोन बटनं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. मावशीला नंबर ठेवायचा होता. त्यांनी बरोबर विचार केला, रद्द करा दाबलं तर रद्द होईल, म्हणून ठीक आहे दाबलं. नंबर गेला. ज्यानं ते बटन लिहिलं त्याच्या डोक्यात ‘रद्द करा’ म्हणजे ‘हे रद्द करणं थांबवा’ असं होतं, पण ते त्याच्याच डोक्यात होतं, स्क्रीनवर नव्हतं. मावशीचा नंबर अकरा दिवस मागं गेला, तेवढे दिवस कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत भरलेला आणि माणसं सपरीत झोपलेली.

आणि तिसरं ते ‘देयक प्रलंबित’. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त लोक याच्यासाठी आले. कापूस देऊन आठ दिवस झाले, पैसे आले का म्हणून ॲप उघडलं की हे दोन शब्द. आमच्याकडं देयक हा शब्द घरात येते तो वीज बिलावर छापून, म्हणजे देयक म्हटलं की आपण भरायचं. एक भाऊ खरंच खिशात पैसे घेऊन आला, किती भरायचे आहेत विचारायला. कापूस आम्ही द्यायचा अन् पैसे बी आम्हीच भरायचे का, असं म्हणाला आणि त्याचा राग मला बिलकुल चुकीचा वाटला नाही.

हे सगळं मी तेव्हा एक स्टारच्या खाली लिहिलं होतं. ते वाचून असो की त्यांच्या ऑफिसात फोन जास्त झाले म्हणून असो, यंदा पोळा झाल्यावर ॲपवाल्यांची दोन माणसं गावात आली. निंदण-डवरण आटोपलं होतं, वेचणीला वेळ होता, म्हणजे लोक सापडतात असा बरोबर काळ धरून आली. एक ताई आणि एक पोरगा. ताईचं कामच ते, युजर रिसर्च, म्हणजे वापरणारा माणूस कुठं अडते ते त्याच्याजवळ बसून पाहायचं आणि मग ॲपमधलं लिहिणं सुधारायचं. मला वाटलं होतं फॉर्म भरून घेतील, फोटो काढतील आणि जातील.

पहिले दोन दिवस तिनं कोणाला काही विचारलंच नाही. माझ्या काउंटरच्या बाजूला स्टूल टाकून बसली आणि येणारा माणूस कोणत्या शब्दात बोलते ते वहीत लिहून घेत राहिली. नंबर लागला का. काटा किती आला. मॉइश्चरमध्ये किती कापले. चुकारा, म्हणजे दिलेल्या मालाचे पैसे, कधी होईन. पानाच्या डाव्या बाजूला लोकांचा शब्द, उजव्या बाजूला ॲपचा शब्द. स्लॉट आरक्षण, निव्वळ वजन, आर्द्रता कपात, देयक. संध्याकाळी तिनं ते पान माझ्यापुढे ठेवलं, डावी-उजवी बाजू एका ठिकाणीही जुळत नव्हती. हे लोक कामाचं करून राहिले हे मला त्या पानावर समजलं.

तिसऱ्या दिवसापासून एकेकाला बसवलं. अट एक, मी मधात बोलायचं नाही. हे मला लई जड गेलं, दिवसभर माझं कामच ते आहे, काका इथं दाबा, मावशी तिथं दाबा. तेच काकाजी, अवैधवाले, बसले होते. ताईनं सांगितलं, समजा कापूस देऊन आठ दिवस झाले, पैशाचं काय झालं ते पाहा, आणि मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. काकाजीनं चष्मा पुसला, देयक प्रलंबितवर बोट ठेवलं, अक्षर अक्षर जोडून वाचलं, "दे-य-क... प्र-लं-बित." मग थांबले. कूलरचा आवाज तेवढा. मी तोंड उघडलं तर ताईनं मान हलवली. पुरा मिनिट गेला असेल. मग काकाजी म्हणाले, "लंबित म्हंजे लांबवलं, कोन लांबवलं ते नाही लिहिलं." ताईनं ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. मी तेव्हा बोललो असतो तर हे वाक्य कोणालाच ऐकू आलं नसतं, आणि आज ॲपमध्ये पैसे कोणाकडं अडले ते लिहून येते ते या वाक्यामुळं.

तिची दुसरी सवय मला सगळ्यात जास्त पटली. ‘समजलं का’ हा प्रश्न ती विचारतच नव्हती. गावात पाहुणा विचारते समजलं का, तर माणूस हो म्हणते, नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि आपल्याला वाचता येत नाही असं समोरच्याला वाटू नये हेही असते. मी पंधरा वर्षं हाच प्रश्न विचारून राहिलो आणि लोक हो म्हणून जातात आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन परत येतात. ती विचारत होती, मग आता तुम्ही काय कराल? नाही तर, शेजारचा विचारेल काय लिहिलं आहे, तर त्याला कसं सांगाल? यात खरं काय समजलं ते लगेच बाहेर येते. एका भावानं ‘आपला लॉट अस्वीकृत करण्यात आला आहे’ हे वाचलं, मान डोलावली आणि आता काय कराल विचारल्यावर म्हणाला, "काही नाही, चांगलं झालं, स्वीकारला ना." शेवटचं स्वीकृत तेवढं डोळ्यात आलं, पुढचा अ गेला.

माणसं किती बसवली? आमच्या गावात सहा, मग शब्द बदलून बाजूच्या गावात पाच, मग वेचणी सुरू झाल्यावर परत पाच. मी विचारलं एवढ्या कमी लोकांवर कसं होईल, तर तिनं सांगितलं की या कामात जेकब नील्सनचं नाव मोठं आहे, त्यानं २००० साली लिहून ठेवलं की पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी दिसून जातात, म्हणून पंधरा माणसं एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच करून तीनदा बसवा आणि मधात सुधारणा करा. गोष्ट खरी आहे, चौथ्या माणसापासून तेच तेच यायला लागलं हे मी डोळ्यानं पाहिलं. पण ते पाच एका जातकुळीचे पाहिजेत, म्हणजे सारखं वाचणारे, सारखं काम करणारे. पहिल्या खेपेला सहाही पुरुष होते, सगळे माझ्या दुकानात येणारे. ते मी बोललो, तर दुसऱ्या खेपेला बचत गटाच्या बायांना घेतलं आणि अडचणी एकदम वेगळ्या निघाल्या. पहिली म्हणजे नाव. आधारवर नवऱ्याचं नाव, पासबुकावर नावाच्या मागं बाई लावलेलं, सातबाऱ्यावर सासऱ्याच्या वारसात तिसरंच, आणि ॲप नुसतं म्हणायचं ‘नाव जुळत नाही’. कोणतं नाव कशाशी जुळत नाही? आता तिथं लिहून येते, ‘बँक पासबुकावर जसं नाव आहे तसंच टाका, बाई लिहिलं असेल तर बाईसकट.’ एवढ्या एका ओळीनं माझ्या दुकानातल्या चकरा दिसण्यासारख्या कमी झाल्या.

नियम-अटींच्या पानासाठी तिनं एक परीक्षा घेतली. उताऱ्यातला दर सहावा शब्द खोडायचा आणि माणसाला विचारायचं इथं कोणता शब्द असेल. मजकूर सोपा असला की माणूस अंदाजानं बरोबर भरते, साठ टक्क्यांच्या वर भरलं तर लिहिणं समजण्यासारखं आहे असं धरतात. क्लोज टेस्ट म्हणतात त्याला, अमेरिकेत विल्सन टेलर नावाच्या माणसानं १९५३ मध्ये काढली. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांना तिनं वाचून दाखवलं आणि तोंडी शब्द घेतले. जुन्या अटींच्या उताऱ्यात दहा जागांपैकी दोन, कोणाला तीन, आणि दहावी-बारावी शिकलेल्या पोरांनाही चारच्या वर नाही. नवीन उताऱ्यात त्याच काकाजींनी सात सांगितले. मी हे नंतर माझ्या दुकानाबाहेरच्या बोर्डावर करून पाहिलं, ‘आवश्यक कागदपत्रे व स्वयंघोषणापत्र’ वगैरे लिहिलं होतं, मग तो बोर्डच बदलला.

अजून एक केलं, दोन पेनं दिली, हिरवा आणि लाल. छापलेला मजकूर वाचा, जिथं भरवसा वाटते तिथं हिरवी रेघ, जिथं शंका येते, भीती वाटते तिथं लाल. ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवाले लोक अशी तपासणी करतात म्हणे. बायांनी ‘कंपनी जबाबदार राहणार नाही’ याच्यावर लाल मारलं ते अपेक्षितच होतं. पण ‘केवायसी अपडेट करा’ याच्यावर सगळ्यांनी लाल मारलं, कारण फसवणुकीचे फोन येतात ते याच शब्दानं येतात. खरं काम खोट्या फोनच्या भाषेत लिहिलं तर लोक कसा भरवसा ठेवतील? आता तिथं आहे, ‘पैसे खात्यात टाकण्यासाठी आधार आणि पासबुक एकदा तपासायचं आहे’, आणि ओटीपीच्या खाली, ‘हा आकडा फक्त या ॲपमध्ये टाका. फोनवर कोणी विचारला तर सांगू नका, आमचा माणूस असला तरी.’ शेवटचे चार शब्द एका मावशीनं सांगितलेले आहेत, मी तिथं होतो.

आता बदललेले शब्द. ‘स्लॉट आरक्षित करा’चं ‘नंबर लावा’ झालं, गॅसला नंबर लावतो, दवाखान्यात नंबर लावतो, तसाच काट्याला नंबर लावतो. रद्दच्या जागी आता विचारते, ‘तुमचा १४ तारखेचा नंबर काढून टाकायचा का?’ आणि बटनं, ‘हो, काढून टाका’ आणि ‘नाही, नंबर राहू द्या’. अवैध गेलं, ‘खाते नंबर चुकला आहे, पासबुक पाहून परत टाका’ आलं. आणि देयक प्रलंबितच्या जागी, ‘चुकारा बाकी आहे. जिनिंगकडून कंपनीला पैसे आले नाहीत. आले की दोन दिवसांत तुमच्या खात्यात पडतील.’ कोणाकडं अडलं, पुढं काय, दोन्ही आहे. चुकारा हा शब्द ॲपमध्ये पाहून एका म्हाताऱ्या आबाजीनं मला विचारलं, हे हिंगणघाटच्या यार्डातल्या माणसानं लिहिलं काय? याच्यापेक्षा मोठी पावती कोणती असते.

मॉइश्चरची गोष्ट वेगळी सांगतो. ताईला आधी वाटलं इंग्रजी शब्द काढून मराठी टाकले की सोपं होईल. आर्द्रता कोणालाच माहीत नव्हतं. मग ओलावा टाकून पाहिलं, तर लोक म्हणाले ओलावा जमिनीत असते, वावरात, कापसात मॉइश्चर असते. काट्यावरचा माणूस मशीन खुपसते आणि ओरडते, मॉइश्चर दहा! हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर टक्क्यामागं कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत, हे आकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ आहेत, आणि ते त्या शब्दासकट पाठ आहेत. २०२५-२६ च्या सिझनला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता, म्हणजे एक टक्का कापला की एक्क्याऐंशी रुपये गेले, दहा क्विंटलवर आठशेच्या वर, मजुरांची एका दिवसाची वेचाई. तिथं शब्दाचा घोळ परवडत नाही. मॉइश्चर ठेवलं आणि ‘अस्वीकृत’चा निरोप असा झाला, ‘कापसात मॉइश्चर १४ टक्के आलं. १२ च्या वर घेता येत नाही. वाळवून परत आणा, तुमचा नंबर मागं जाणार नाही.’ याच्यावर पाचही जणांचा हिरवा पेन चालला, शेवटच्या वाक्यावर तर दोनदा.

एक प्रयोग फसला तोही सांगितला पाहिजे. त्या पोरानं उत्साहात सगळं वऱ्हाडीत लिहून आणलं होतं, ‘तुमचा कापूस कधी आनून राह्यले?’ त्याला वाटलं लोक खुश होतील. मला वाचताना गंमत वाटली, पण बसवलेल्या लोकांना नाही आवडलं. एकानं सरळ विचारलं, "आमची थट्टा लावली काय?" दुसरा म्हणाला हे खोटं ॲप दिसते, बँक अशी नाही बोलत. घरात, पारावर आपली बोली वेगळी आणि पैशाच्या कागदावरची भाषा वेगळी, ती नीट लिहिलेलीच पाहिजे असते माणसाला, फक्त तिच्यातले शब्द आपल्या ओळखीचे पाहिजेत. पोरानं ते सगळं मागं घेतलं. मला त्याचं कौतुक वाटते, कारण मेहनत केली होती त्यानं.

पाचवा स्टार काहून दिला नाही ते आता.

ठेक्यानं नाही तर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचं वावर करणाऱ्यांना कोणीच बसवलं नाही. ॲप विचारते ‘शेतकऱ्याचं नाव’. सातबारा मालकाच्या नावाचा, कापूस बटईदारानं पिकवला, मग नाव कोणाचं टाकायचं? अर्धे मालकाचं टाकतात आणि पैसे मालकाच्या खात्यात जातात, मग दोघांत बोलाचाली. हा प्रश्न शब्दाच्या पलीकडचा आहे हे मान्य, पण तिथं कोणाचं नाव पाहिजे एवढं तरी स्पष्ट लिहा. आणि वाचताच न येणाऱ्यांसाठी आवाजाची सोय अजून नाही, ती ताईच्या वहीत लिहिलेली मी पाहिली, ॲपमध्ये आली नाही.

दुसरं, म्हातारी माणसं फोनची अक्षरं मोठी करून ठेवतात, तेव्हा बटनावरचं ‘नाही, नंबर राहू द्या’ अर्धंच दिसते, ‘नाही, नंबर रा’ आणि पुढं तीन टिंबं. ताईच्या फोनवर अक्षरं लहान होती, तिच्याच फोनवर लोकांना बसवलं, म्हणून हे निसटलं. ज्याच्या त्याच्या फोनवर पाहायला पाहिजे होतं.

आणि सगळ्यात मोठं, एसएमएस. ॲपमध्ये चुकारा आला पण एसएमएसमध्ये अजूनही ‘देयक प्रलंबित’ येते. विचारलं तर कारण समजलं, ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानं कंपनीला एसएमएसचा मजकूर आधी नोंदवावा लागते, मंजूर झाल्याशिवाय एक शब्द बदलता येत नाही. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० च खुणा बसतात, इंग्रजीत १६०, आणि आपला काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतात, तेव्हा एवढं सविस्तर वाक्य बसत नाही. अडचण खरी आहे. पण ‘चुकारा बाकी आहे. जिनिंगचे पैसे आले की खात्यात पडतील.’ हे मी मोजून पाहिलं, साठीच्या आत बसते. आमच्याकडं ॲप उघडणाऱ्यांपेक्षा एसएमएस वाचणारे जास्त आहेत, आणि आता एकाच पैशासाठी दोन शब्द झाले तर लोकांना ते दोन वेगळे हिशोब वाटतात. आज सकाळीच एक दादा तो एसएमएस घेऊन आला, खिशात हात घालून, किती भरायचे विचारत. दुसरा वेचा घरात यायला अजून पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात हे वाक्य नोंदवून घ्या.